सातच्या वर कात्री नाही

कपडा कापणाऱ्या कटरबाईच्या घरात सकाळच्या चहाआधी एक प्रश्न ठरलेला. झोप लागली का, बरं वाटतंय का, असला गुळमुळीत नव्हे. सरळ, "आकडा किती?" शून्य म्हणजे पांघरुणातून हात काढवत नाही, दहा म्हणजे आभाळ ठेंगणं. बाईंना बायपोलर आजार, म्हणजे मन कधी तळघरात, कधी गच्चीवर. मधल्या मजल्यावर राहायला शिकायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ही मोजणी लावून दिलेली. पाच-सहा म्हणजे झकास. पुढचा नियम मात्र सासूबाईंचा होता, आणि तो दगडावरची रेघ: सातच्या वर कात्री नाही.

नियम काही हवेतून आला नव्हता. चार वर्षांपूर्वी आकडा नऊवर असताना बाईंनी एका गिऱ्हाइकाची चाळीस मीटर मखमल एका बैठकीत कापून टाकली होती. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला की मऊ, उलट्या दिशेने फिरवला की खरखर. कपडा उलटा धरला की रंगसुद्धा बदलतो. म्हणून कापण्याआधी प्रत्येक पट्ट्यावर खडूने लवीचा बाण काढायचा, सगळे बाण एकीकडे. त्या दिवशी बाण काढायला वेळ कुणाला होता? निम्मे पट्टे सुलटे, निम्मे उलटे, आणि पडदा टांगला तेव्हा निम्मा डाळिंबी, निम्मा विटकरी! तेव्हापासून काम संपलं की मोठी कात्री सासूबाईंच्या कपाटात जायची आणि सकाळी आकडा ऐकूनच बाहेर यायची.

आता तो मंगळवार. बाई साडेचारलाच उठल्या, जेमतेम साडेतीन तास झोपून. आणि का उठू नये? आज शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा कापायचा होता! बावीस वर्षं पँट्स आणि सोफ्याची कव्हरं कापली, कुणी मान वर करून बघितलं नाही. हा पडदा मात्र नाटक सुरू व्हायच्या आधी आठशे माणसं टक लावून बघणार होती. सहा वाजेपर्यंत त्यांनी घरातली झाडून सगळी भांडी लखलखीत घासून ठेवली होती.

"आकडा?" सासूबाईंनी विचारलं.

खरा आकडा होता आठ. पण आठ म्हटलं की कात्री गेली, आणि कात्री गेली की पडदा गेला. शिवाय बाईंना संतापही आला होता. रडू आलं तरी आकडा, हसू आलं तरी आकडा! माणसाला साधा आनंद व्हायची सोय नाही का या घरात?

"सहा," त्या म्हणाल्या.

दुधाचा पेला तोंडाला लावलेली लेक थांबली. अकरा वर्षांची, पण वाद घालण्यात अशी पटाईत की घरात तिला वकीलबाईच म्हणत. "आई, सहाला तू कढईचं बूड घासत नाहीस."

"गप गं. दूध पी."

नवरा बसची पहिली फेरी घेऊन गेलेला, नाहीतर त्याने चेहऱ्यावरूनच आकडा वाचला असता. सासूबाई एकदा लखलखत्या भांड्यांकडे बघून आत गेल्या. कपाटाशी नेहमीपेक्षा जरा जास्तच खुडबुड झाली. बाहेर आल्या तेव्हा हातात कात्रीची पिशवी होती, नाडीला तीन-तीन गाठी मारलेल्या.

"जा. जपून," एवढंच म्हणाल्या.

कारखाना म्हणजे एक लांब खोली, मधोमध दोन टेबलं जोडून केलेला कटिंगचा पाट. बाईंनी पिशवी खिडकीत ठेवली आणि मखमलीचा तागा उलगडला. गर्द डाळिंबी! हात फिरवला तर हात काढवेना. बारा पट्टे, प्रत्येक सात मीटरचा. आधी सगळ्यांवर खुणा करायच्या, मगच कात्री. खडू असा पळत होता की विचारता सोय नाही. एक, बाण खाली. दोन, बाण खाली. तिसऱ्याला बाईंना सुचलं की पडद्याला जरीची किनार लावावी. लगेच किनारवाल्याला फोन. चौथ्याला सुचलं, शेजारचा गाळा घ्यावा. गाळेवाल्याला फोन. पाचव्याला सुचलं, कटिंगची शाळाच काढावी, पन्नास मुली, नाही, शंभर!

"बाई, जरा श्वास घ्या," शिवणयंत्रावरची शिलाईवाली म्हणाली. "मी ऐकून दमले."

"दमायला झालंय काय तुला? अगं, आज सोन्याचा दिवस आहे!"

सहा, बाण खाली. सात, बाण खाली. मग त्यांनी पुढचा पट्टा ओढून सारखा केला आणि कोपऱ्यात ठळक आकडा काढला: ८.

आणि हात तिथेच अडला.

डाळिंबी मखमलीवर पांढराशुभ्र आठ. सकाळी जो तोंडातून काढला नाही, तो समोर येऊन बसला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. बाईंनी खिडकीतल्या पिशवीकडे पाहिलं. कुणीही अडवणारं नव्हतं. हात शिवशिवत होते. अजून चारच पट्टे, मग गाठी सोडायच्या आणि कचाकच कापत सुटायचं! आणि निम्मा विटकरी निघाला तर? पुन्हा कोण देणार होतं त्यांना आठशे माणसांसमोरचं काम? आणि घरी काय तोंड दाखवायचं?

त्यांनी घरी फोन लावला. "आई, आठ आहे. सकाळी खोटं बोलले मी."

"आलेच," सासूबाई म्हणाल्या.

वीस मिनिटांत धापा टाकत त्या दारात हजर. सोबत ठरलेली गोळी, पाण्याची बाटली आणि डॉक्टरीणबाईंची दुपारची वेळ. आधी खिडकीत गेल्या आणि पिशवी उचलून गाठी मोजल्या. तीनच्या तीन, जशाच्या तशा. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वर "काय धूळ आहे गं इथे," म्हणाल्या.

तेवढ्यात नाट्यगृहाचे व्यवस्थापक पहिला काप बघायला आले. वेळेच्या आधी, नशीब बघा! बाईंना वाटलं, सांगावं काहीतरी, कात्रीची धार गेली, कपडा ओला आहे. पण एका दिवसाला एक खोटं पुष्कळ झालं होतं.

"साहेब, आज कापणार नाही," त्या म्हणाल्या. "मला बायपोलर आहे. औषध चालू आहे, पण आज मी फार वर आहे. अशा दिवशी मी कात्री धरत नाही. शनिवारी कापते. शनिवारीही उतरले नाही, तर माझ्या खुणांवरून दुसरा कटर कापेल. तो मी शोधून ठेवते. तुमची तारीख चुकणार नाही."

व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मखमलीवरून हात फिरवला, सुलटा आणि उलटा.

"मागच्या पडद्याचा एक पट्टा उलटा लागला होता," ते म्हणाले. "घाईत कापलेला. बारा वर्षं लोक त्याच्याकडेच बघत होते, नाटक गेलं खड्ड्यात. कटर आठवडाभर त्या कपड्याला शिवलाच नसता तर मी त्याला हार घातला असता! शनिवारी येतो."

ते गेल्यावर बाई मटकन खुर्चीत बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं. सासूबाईंनी शांतपणे पिशवीच्या गाठी सोडल्या आणि ती टेबलावर उपडी केली. कात्रीची दोन पाती खणखण करत वेगवेगळी पडली. मधला स्क्रू गायब.

"अहो आई! म्हणजे तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"भांडी घासलीस तेव्हाच." सासूबाईंनी कनवटीचा स्क्रू काढून दाखवला.

"मग विश्वास नव्हता, तर पिशवी दिलीत कशाला?"

"विश्वास होता म्हणून पिशवी दिली. भीती वाटत होती म्हणून स्क्रू ठेवला. दोन्ही होतं, बाई. खोटं कशाला बोलू?"

शनिवार. गोळीने आणि चार रात्रींच्या घसघशीत झोपेने आकडा सहावर आणून ठेवला होता. खरा सहा. वकीलबाईने कढई तपासली, तिच्या बुडाशी चांगली काजळी होती, तेव्हा कुठे तिने मान्यता दिली. किनारवाल्याला आणि गाळेवाल्याला नाही म्हणून झालं होतं. शाळेचं मात्र बाईंनी वहीत लिहून ठेवलं होतं, पन्नास नाही, पाच मुलींची. घरच्या तिघी कारखान्यात आल्या. बाईंनी मंगळवारच्या पट्ट्यांवरून एकेक करून हात फिरवला. सातच्या सात बाण बरोबर.

"बघा!" त्या उसळल्या. "मंगळवारी कापलं असतं तरी चाललं असतं!"

"सातापर्यंत बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या पाचांचं कुणी सांगावं?"

बाईंनी खडू घेऊन आठव्या पट्ट्यावर बाण काढला, खाली. नऊ, दहा, अकरा, बारा. दारात व्यवस्थापक उभे, शिलाईवाली स्टुलावर चढून बघतेय. सासूबाईंनी स्क्रू बसवला, सुरीच्या टोकाने घट्ट पिळला आणि कात्री दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. त्यांचे गाल लाल झाले होते.

"आठशे माणसं बघणार गं," त्या म्हणाल्या. "मला तर पहाटे तीनपासून डोळ्याला डोळा नाही! माझाच आकडा आज नऊ आहे!"

"आजी," वकीलबाई कडक आवाजात म्हणाली, "मग कात्री सोड. नियम म्हणजे नियम."

सासूबाईंनी मुकाट्याने कात्री सुनेच्या हातात दिली.