वारा पडला तेव्हा

भावजयीने भिजलेल्या गादीचं एक टोक उचललं, दुसरं नणंदेने. दोघींनी मिळून ती कुंपणावर उन्हात टाकली. वादळ होऊन चार दिवस झाले होते. भावजयीच्या नवऱ्याला, म्हणजे नणंदेच्या धाकट्या भावाला, स्मशानात पोचवून आल्याला दोन.

"वारा तर पडला होता, ताई," भावजय म्हणाली. "लख्ख ऊन आलं होतं. मग पुन्हा कुठून आलं सगळं?"

नणंद गावच्या वेधशाळेत हवेचा दाब मोजायची. वीस वर्षं हेच काम. तिने अंगणातल्या बादलीत हात घालून पाणी जोराने फिरवलं. मधोमध खळगा पडला.

"वादळाच्या मध्यावर हवेचा दाब कमी. म्हणून चहूबाजूंनी हवा तिकडे धावते. पृथ्वी फिरते, त्यामुळे सरळ न जाता गिरकी घेते. या मधल्या जागेत मात्र वारा नसतो. ती डोक्यावरून सरकली, की पलीकडची बाजू येते. तसाच सोसाट्याचा वारा, पण उलट दिशेने. आधी जमिनीवरून होता, मग समुद्रावरून आला."

"हे त्यांनाही ठाऊक होतं," भावजय म्हणाली. "घड्याळ बघूनच निघाले. म्हणाले, ताई सांगते, मधे अर्धा तास मिळतो. तेवढ्यात होडीचा दोर बदलून येतो. मी आडवी आले, तर हसले. 'घरची वेधशाळा असताना घाबरतेस कशाला?'"

नणंदेचा हात बादलीतच राहिला. वादळाच्या सकाळी त्याने फोनवर विचारलं होतं, वारा मधे किती वेळ पडतो, तेव्हा घाईत ती म्हणाली होती, साधारण अर्धा तास. कशाला हवंय, हे विचारायचं राहून गेलं. दुपारी तिनेच नोंद केली होती : वारा शांत, दोन वाजून दहा मिनिटं. पुन्हा सुरू, दोन बावीस.

"खरंच किती वेळ मिळाला त्यांना?"

नणंदेने ओला हात पदराला पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"बारा मिनिटं."

भावजय वाटेकडे बघत होती.

"धक्क्यावर पोचायलाच दहा लागतात," ती म्हणाली. "म्हणजे समुद्राकडून पहिली झुळूक आली, तेव्हाच त्यांना कळलं असेल, आता परतणं नाही."

"हो," नणंद म्हणाली.