पाचव्या टप्प्यावरची सही

सुताराची लेक इंजिनिअर झाली ती एका माणसाच्या नाकावर टिच्चून. तो माणूस म्हणजे वनखात्याचा मोठा इंजिनिअर. सगळे त्याला साहेब म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी साहेबांनी जंगलात टेहळणीचा लाकडी मनोरा बांधला, तेव्हाच तिचे बाबा म्हणाले होते, "लाकूड ओलं आहे साहेब, दोन महिने सुकू द्या." साहेबांना उद्घाटनाची घाई. पुढे लाकूड सुकून आक्रसलं, बोल्ट ढिले पडले, आणि दुरुस्तीला चढलेले बाबा वरच्या टप्प्यासकट खाली आले. कंबर मोडली. अहवालात साहेबांनी लिहिलं, 'सुताराचा हलगर्जीपणा.' त्यानंतर बाबांना कुणी साधं स्टूलही करायला दिलं नाही.

आता त्याच जंगलातला नवा मनोरा तिच्याकडे आला होता. नव्वद फूट उंच, पाच टप्पे, खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे कितीही वारा सुटला तरी पाय फाकवून उभा राहील असा. बुडखे कुजू नयेत म्हणून तिने खांब मातीत न गाडता जमिनीपासून वीतभर वर, लोखंडी बुटांत बसवले. प्रत्येक तुळईला ती ओलावा मोजायचं यंत्र टोचून बघायची. आकडा पंधरा टक्क्यांच्या वर गेला की लाकूड परत. कामगारांनी तिचं नावच पाडलं, मीटरबाई.

मनोरा उभा राहिला, आणि मंजुरी देणारे सल्लागार म्हणून आले तेच साहेब. निवृत्त झालेले, केस पांढरे. त्यांनी तिला ओळखलं नाही. टेबलाशी बसूनच सही उरकायचा त्यांचा बेत होता. पण त्या अपघातापासून साहेब कधी दुसऱ्या मजल्याच्या वर चढले नाहीत, हे तिला कार्यालयातल्या शिपायाने सांगितलं होतं. तिने फाइलवर लिहिलं, 'सल्लागारांनी प्रत्येक टप्प्यावर जाऊन जोड तपासावेत.' नियमाला धरूनच होतं. साहेबांना नाही म्हणता येईना.

सकाळी अकराला ते चढू लागले. दुसऱ्या टप्प्यावर त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला, तिसऱ्यावर खाली बघणं सोडलं. ती प्रत्येक टप्प्यावर यंत्र टोचायची, आकडा वाचायची आणि पॅड पुढे करायची. "तेरा. सही करा, साहेब."

पाचव्यावर त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"बारा," ती म्हणाली. "आणि जुन्या मनोऱ्याचा आकडा किती होता?"

"कुठल्या जुन्या?"

"ज्यावरून सुतार पडला."

साहेबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तू कोण त्याची?"

"लेक."

त्यांनी तिच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेव्हा असली यंत्रं नव्हती, बाळ."

"यंत्र नव्हतं, सुतार होता. तो काय म्हणाला होता?"

"लाकूड ओलं आहे म्हणाला होता."

"लिहा. मग खाली जाऊ."

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येत होतं. खाली सही, तारीख.

"उतरताना जरा हात दे," ते म्हणाले.

तिने कागद खिशात घातला. "कठडा धरा, साहेब. सुक्या लाकडाचा आहे."

आणि ती पुढे उतरून गेली. साहेब बसून, एकेक पायरी घसरत खाली आले. कामगार काम सोडून बघत होते. तिने कुणालाही वर जाऊ दिलं नाही. आपल्याला आपली लाज वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटली नाही. उलट पायरीगणिक बरं वाटत गेलं.

कागदाची एक प्रत तिने खात्यात दिली. महिन्याभरात जुना अहवाल दुरुस्त झाला आणि साहेबांचं सल्लागारपद गेलं.

दुसरी प्रत तिने घरी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, घडी केली आणि विचारलं, "उतरायला किती वेळ लागला त्याला?"

"पाऊण तास."

"पाऊण तास!" बाबा म्हणाले. मग उशीला टेकले आणि मनापासून हसले. "सगळं सांग. पहिल्या पायरीपासून सांग."