कळ

“म्हणजे देशाची सेवा करायला डॉक्टर व्हायचंय,” विश्वनाथकाका म्हणाले. “कोचिंगवाल्यांनी सगळ्यांकडून हेच पाठ करून घेतलंय का गं?”

उत्तरा खाली मान घालून बसली. परवा पुण्यात सैन्याच्या मेडिकल कॉलेजची मुलाखत होती. लेखी परीक्षेत भल्याभल्यांना मागे टाकणारी ही पोर समोर माणूस आला की गोठायची.

म्हणून तिच्या वडिलांनी, श्रीरंगने, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आज रंगीत तालीम ठेवली होती. मंत्रालयात मुलाखती असल्या की खुर्च्या मांडणं, दारात उभं राहून नावं पुकारणं आणि बोर्डाचे साहेब बाहेर आले की उठून उभं राहणं, ही त्याची कामं. आत काय विचारतात ते त्याला कधी कळलं नाही. पण बाहेर येणारा दार कसं ओढून घेतो, त्यावरून त्याचा निकाल ओळखायचा त्याला नाद होता. लेकीच्या बाबतीत मात्र काहीच ओळखता येईना.

आजच्या बोर्डाचे अध्यक्ष विश्वनाथकाका तळमजल्यावर राहायचे. अंडर सेक्रेटरी, मूळचे बीडचे. बायको गेल्यापासून एकटेच, त्यामुळे उत्तराच्या आईच्या, साधनाच्या, पोह्यांना ते कधी नाही म्हणत नसत.

“बरं, मी पेशंट,” काका म्हणाले. “गावाकडचा म्हातारा. मला हिंदी नाही, इंग्लिश नाही. बाई, छातीत कळ येतीय बघा.”

“कल से?” उत्तराने विचारलं. “म्हणजे, कालपासून?”

श्रीरंगला हसू आवरेना. काकाही हसले. दिल्लीत वाढलेल्या या मुलीचा ‘ळ’ कधीच ‘ल’ होऊन बसला होता. उत्तराचे डोळे भरून आले. “यार बाबा, मला नाही जमणार. मी जातच नाही.”

साधना पोह्यांची बशी घेऊन आली होती. तिने बशी ठेवली आणि लेकीजवळ टेकली.

“कळ म्हणजे दुखणंच, पण दुखणं बसून राहतं. कळ येते आणि जाते. पुन्हा येते. तुझ्या वेळी मला कळा आल्या होत्या ना, तशी.”

“माझ्या वेळी?”

“मग. कळांशिवाय आलीस होय तू?”

उत्तरा आईकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची सोडली आणि काकांच्या पायाशी खाली बसली. पाठ केलेलं सगळं जणू टेबलावरच राहिलं.

“काका, कळ कधी येते?”

“चालताना. जिना चढताना.”

“थांबलं की जाते?”

“जायची. हल्ली रेंगाळते.”

“अजून कुठे दुखतं?”

“हा हात. कधी जबडा.” काकांचा आवाज उतरला होता. गावाकडचा म्हातारा त्यात राहिला नव्हता.

“काका, आत्ता जिना चढून आलात. आत्ता आहे?”

काकांनी साधनाकडे पाहिलं, मग पोह्यांकडे. “आहे जराशी. महिनाभर कळ काढतोय, म्हटलं जाईल. कुणाला सांगायचं?”

“काका, उठायचं नाही,” उत्तरा म्हणाली. “बाबा, काकांची गाडी काढा. आई, गार्डला बोलव. आपण यांना खुर्चीसकट खाली न्यायचं. एक पाऊल चालू द्यायचं नाही.”

अठरा वर्षांत श्रीरंगने हा आवाज ऐकला नव्हता. मंत्रालयात मोठमोठे साहेब त्याने पाहिले होते, पण इतक्या हलक्या आवाजात कुणी त्याला असं धावायला लावलं नव्हतं. बोर्डाचे अध्यक्ष खुर्चीत बसून जिना उतरले.

इमर्जन्सीत डॉक्टरांनी एकालाच आत घेतलं. उत्तरा गेली. श्रीरंग बाहेर बाकावर बसला, सवयीप्रमाणे दाराकडे तोंड करून. दार अर्धवट उघडं होतं.

“क्या तकलीफ है?” डॉक्टरांनी विचारलं.

“सर, छाती में कळ है।”

“कल से?”

“कल से नहीं, सर. कळ.” जीभ टाळूला नीट लावून ती म्हणाली. “आती है, जाती है. महीने भर से चलने पर आती थी, रुकने पर जाती थी. आज बैठे-बैठे भी नहीं गई.”

मग पडदा सरकल्याचा आवाज आला. नर्सची धावपळ सुरू झाली. “अच्छा हुआ अभी ले आए,” डॉक्टर कुणाला तरी म्हणाले.

बऱ्याच वेळाने उत्तरा बाहेर आली. केस विस्कटलेले, हातात काकांचा चष्मा. आतल्या माणसाला आवाज जाऊ नये म्हणून तिने दार हळूच ओढून घेतलं.

श्रीरंग बाकावरून उठून उभा राहिला.

“बाबा, बसा ना,” उत्तरा म्हणाली.

त्याला बसवेना.