सातचा आकडा

धाकट्या डॉक्टरांनी वडिलांचा दवाखाना हाती घेतला तेव्हा त्यांना दातांतलं किती कळतं हे समजायला वेळ होता. माशांतलं मात्र सगळं कळतं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं.

बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यात एकटा लठ्ठोबा. ऑस्कर जातीचा, ताटलीएवढा, स्वभावाने साहेब. टाकी सांभाळायची ती काउंटरवरची मावशी. नंबर लावणं, फोन घेणं, रडणाऱ्या पोरांना टाकीपुढे उभं करणं हेही तिचंच. अकरा वर्षं तिने लठ्ठोबाला हाताने भरवलं होतं. नवरा गेला त्या वर्षी तर दिवसभरात ती धड बोलायची ती याच्याशीच. सांगितलं असतं तर लोक हसले असते, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही.

तिची पद्धत साधी. दर शनिवारी एक बादली जुनं पाणी काढायचं, रात्रभर ठेवलेलं नळाचं एक बादली घालायचं. फिल्टरमध्ये फडक्यात बांधलेली शिंपल्यांची पुरचुंडी. शिंपले हळूहळू विरघळतात आणि पाणी आंबट होऊ देत नाहीत, हे तिला थोरल्या डॉक्टरांनी शिकवलं होतं.

धाकट्यांनी तपासायची पट्टी बुडवली. पीएच आठ.

"मावशी, सात हवा. पुस्तकात सात आहे."

"त्याला आठाची सवय आहे, डॉक्टर. रोज एकच राहिला म्हणजे झालं."

"ही केमिस्ट्री आहे, मावशी."

पुरचुंडी कचऱ्यात गेली. नळाच्या पाण्याने आकडा चढतो म्हणून बादलीही बंद. मग आली पीएच उतरवायच्या औषधाची बाटली. सकाळी ओतलं की सात, संध्याकाळी पुन्हा पावणेआठ, की पुन्हा ओता! भिंतीवर तीन रंगांतला आलेख लागला. पेशंट दाढ धरून कण्हत बसलेले आणि हे महाशय ड्रॉपर घेऊन टाकीपुढे. नाकाने कांदे सोलावेत तर यांनीच. पाण्याची सावरून घ्यायची ताकद रोज थोडी थोडी संपत होती, ते आलेखात कुठून दिसणार? मावशीने तीनदा सांगून पाहिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मनाशी म्हणून चौथ्यांदा ती गप्प बसली. दोन महिन्यांनी सातचा आकडा सलग चार दिवस टिकला, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना कॉफी पाजली.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला मावशीने दार उघडलं. लठ्ठोबा तळाशी कलंडला होता. कल्ले भराभर हलत होते, अंगावर दुधाळ थर आला होता. तिने पट्टी बुडवली. रंग पार शेवटच्या, आंबट टोकाच्या घरात.

काय करायचं ते तिला पाठ होतं. बंदी असली तरी मोरीत ती एक बादली पाणी भरून ठेवायचीच. त्यातलं पेला-पेला करून, सावकाश घालायचं. तिने पेला उचललासुद्धा.

पण डॉक्टर दहाला येणार. तोवर हा पोहायला लागला तर ते म्हणतील, बघा, काही झालं का? नाही. एकदा जिरलीच पाहिजे. बघू दे स्वतःच्या डोळ्यांनी. तासाभराचा तर प्रश्न. तिने पेला खाली ठेवला आणि खुर्चीत बसली. खरं सांगायचं तर तिला मजा वाटत होती. कसं बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं ती मनात जुळवत होती.

दहा वाजून गेले. साडेदहाला ती एका पेशंटच्या फोनवर होती. वळून पाहिलं तर कल्ले हलत नव्हते. फोन तसाच टाकून तिने पाण्यात हात घातला, त्याला मागेपुढे फिरवलं, बादली आणून ओतली. लठ्ठोबा तिच्या हातात नुसता जड होता.

डॉक्टर पावणेअकराला आले. टाकीकडे बघितलं आणि पेशंटच्या बाकावर बसकण मारली.

"माझं चुकलं, मावशी. तुम्ही सांगत होतात."

दोन महिने ती याच वाक्याची वाट बघत होती. ते ऐकून तिने खाली ठेवलेला पेला उचलून काउंटरमागे सरकवला.

"तुम्ही आलात तेव्हाच गेला होता का?"

"हो," मावशी ओली बाही पिळत म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. तिचं म्हणणं पट्टी न बुडवता त्यांनी पहिल्यांदाच खरं मानलं, आणि नेमकं तेच खोटं होतं.