कार्याचं चिन्ह

ओक गुम-शिल यांची चाचणीची तासिका मंगळवारी सकाळी होती. विद्यार्थ्यांना ती पटली तर भौतिकशास्त्राची सकाळची बॅच त्यांना मिळणार होती. तोपर्यंत त्या मागच्या खोलीत बसून प्यो सरांच्या नावाने छापायच्या पुस्तकांतली गणितं सोडवून देत. प्यो सर म्हणजे आमच्या क्लासचा चेहरा. सोलच्या नोर्यांगजिन स्टेशनातून बाहेर पडलं की आधी त्यांचाच फोटो दिसतो.

गुम-शिल चीनमधल्या येन्ब्येनच्या. तिथल्या कोरियन शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तेही कोरियनमधूनच. फक्त त्यांच्या वाक्याचा शेवट वर चढतो. सोलमध्ये तेवढ्यावरून माणूस ओळखतात आणि भांडी घासता की म्हातारी माणसं सांभाळता, एवढंच विचारतात.

चाचणीच्या तासिकेला दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने मागे बसायचं, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून मी तिथे होते. मी रसायनशास्त्र शिकवते.

फार्मसीच्या प्रवेशपरीक्षेला येतं तसं साधं गणित होतं. दट्ट्याने वायू दाबला, वायूवर पाचशे ज्यूल कार्य झालं, वायूने तीनशे ज्यूल उष्णता बाहेर टाकली. अंतर्गत ऊर्जा किती बदलली? इथे भौतिकशास्त्रात वायूने बाहेर केलेलं कार्य धन धरतात आणि ते उष्णतेतून वजा करतात. चीनमधल्या शाळांत वायूवर झालेलं कार्य धन धरून उष्णतेत मिळवतात. वर्षभर गुम-शिल यांनी इथल्या पद्धतीची सवय लावून घेतली होती. पण मागच्या खोलीतलं पेन वेगळं आणि भरल्या वर्गासमोरचा खडू वेगळा. हात जुन्या वाटेने गेला: ΔU = Q + W. उणे तीनशे अधिक पाचशे. दोनशे ज्यूलने वाढली. उत्तर बरोबर होतं.

“मॅडम, तिथे वजा पाहिजे ना?” पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“मी W म्हणजे वायूवर झालेलं कार्य धरलंय. वायूने केलेलं धरलं की वजा येतं. कुठलंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. वायूला काही फरक पडत नाही.”

“आमच्याकडे वजाच असतं.” ती थांबली. “म्हणजे कोरियात.”

मागून कुणीतरी “फरक पडत नाहीऽऽ?” असं शेवट वर चढवून म्हटलं. वर्ग हसला. गुम-शिल यांनी पुढचं गणित घेतलं.

जेवणाच्या सुट्टीआधीच चारपाच जण संचालक नामगुंग सरांना भेटून आले होते. सरांनी आम्हा दोघींना बोलावलं.

“ओक मॅडम, चिन्ह चुकलं म्हणे.”

“चुकलं नाही, सर. दोन पद्धती आहेत...”

“पोरांना पद्धती नकोत. दुपारी वर्गात जा, चूक झाली म्हणा, जरा वाका, वजा लिहा. मग बघू बॅचचं.”

मी म्हटलं, “सर, मी वरच्या मजल्यावर अधिकच लिहिते. रसायनाच्या पुस्तकात तसंच आहे.”

“मग लिहा की.”

“मुलं हीच आहेत, सर. वायूही तोच.”

“मिन मॅडम, तुम्ही लिहिलं की ती पद्धत असते.” हे ते माझं कौतुक केल्यासारखं म्हणाले.

जिन्यात मी गुम-शिल यांचा हात धरला. “ताई, नका जाऊ.”

“आणि न जाऊन? हेकट म्हणतील. येन्ब्येनच्या बायका हेकट असतात, माहीत नाही तुला?” त्या हसल्या. “एका वाकण्यात बॅच मिळत असेल तर स्वस्त आहे गं.”

दुपारी मी पुन्हा मागे बसले. त्या वाकल्या, चांगल्या खोल वाकल्या, आणि म्हणाल्या, “सकाळी माझी चूक झाली.” अधिक पुसून त्यांनी वजा लिहिलं. क्षणभर मला वाटलं, आता त्या नुसतं तेवढंच बदलून उणे आठशे लिहितील. दाबलेला वायू गारठेल आणि सगळ्यांचं समाधान होईल. पण त्यांनी पाचशेच्या आधीही उणे लावलं. उणे तीनशे, वजा उणे पाचशे. दोनशे.

पुढच्या बाकावरची मुलगी फळ्याकडे बघत राहिली.

“उत्तर तेच आलं, मॅडम.”

“हो.”

“मग चूक कशात होती?”

या वेळी कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता त्या सांगतील. गुम-शिल यांनी बोटांवरचा खडू झटकला.

“तुम्ही वजाच लिहा,” त्या म्हणाल्या. “परीक्षेत बरोबर येईल.”

संध्याकाळी नामगुंग सर मला म्हणाले की बॅच ते दुसऱ्या कुणाला तरी देत आहेत. मी कारण विचारलं.

“अहो, भर वर्गात चूक कबूल केलेल्या बाईंचा फोटो भिंतीवर कसा लावू? तुम्हीच सांगा.”

“कबूल करायला तुम्हीच लावलंत.”

“म्हणून तर प्रकरण मिटलं ना.”

गुम-शिल यांना काढलं नाही, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. पुढच्या आठवड्यात प्यो सरांच्या नव्या पुस्तकातलं ऊष्मागतिकीचं प्रकरण मागच्या खोलीत आलं. प्यो सर कोट चढवत दारात उभे होते. गुम-शिल यांनी विचारलं, “सर, यात कार्य कुठलं धरू? वायूवर झालेलं की वायूने केलेलं?”

“तुम्हाला सोपं पडेल ते धरा हो,” प्यो सर म्हणाले. “वर नाव माझं आहे. कोण विचारतंय?”

गुम-शिल यांनी मान लववली, आणि वजा धरून पहिलं गणित सोडवायला घेतलं.