थकवा उतरला

नागलीची कणसं खुडता खुडता योगिता खाली बसली आणि बसल्या जागी झोपली. विळा हातातच होता. गौराने मागे वळून पाहिलं तर सुनेची ओळ अर्धीही झाली नव्हती. तिने तो विळा हळूच काढून घेतला आणि तिच्या वाटणीची कणसंही स्वतःच खुडायला घेतली.

शेत बुधीचं होतं. सूर्यमाळच्या या पाड्यावर कापणीत बायका आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. त्यात कुणी झोपलं की बोलणी खायची ती घरातल्या मोठीने.

"गौराबाय, सून आणलीस का पाहुणी?" बुधीने विचारलंच.

"पोटुशी हाय ती."

"मग आमची पोरं काय झाडाला लागली?"

सगळ्या हसल्या. गौराही हसली, पण ते तिला लागलं. कारण खरं तर तिच्याही मनात तेच होतं. तुषारच्या वेळी तिने दिवस भरेपर्यंत लाकडाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. ही पोर तिसरा महिना लागायच्या आतच गळून गेली होती. भाकरीचा वास आला की उलटी, हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी, आणि झोप तर अशी की चुलीपुढे बसल्या बसल्या मान पडायची. चार वर्षांनी दिवस राहिले होते. तुषार ठाण्याला बिगारी कामावर. काही कमीजास्त झालं तर त्याला काय तोंड दाखवायचं, याच काळजीने गौराचा जीव टांगणीला लागला होता.

आशाताई सुषमा येऊन गोळ्या देऊन गेली होती.

"पहिले तीन महिने असंच असतं, मावशी. अंगातलं बळ आत लागतंय. झोपू द्या तिला."

"झोपून झोपून पोर कसं व्हईल? अंगात जीव नको?"

"तिला नका बोलू. सांगते ते ऐका."

गौराने ऐकलं. बुधीच्या शेतातून आल्यावर सुनेला एका शब्दाने बोलली नाही. पण दुसऱ्या सकाळी पदरात तांदूळ बांधून ती पुंजा भगताकडे गेली. पुंजाने सुपात दाणे टाकून पाहिले, पुन्हा टाकले, आणि गावदेवापुढे जाऊन काय मागायचं ते तूच माग म्हणाला. गौरा गेली. पोर सुखरूप होऊ दे, असं तिने मागितलं नाही. एवढं मोठं एकदम मागायची तिला भीती वाटली. तिने जवळचं, हाताला येईलसं मागितलं. "पोरीचा थकवा तेवढा काढून घे. कोंबडा देईन."

चौथ्या दिवशी गौरा उठली तर अंगण सारवून झालेलं. योगिता विहिरीवरून दुसरी खेप घेऊन वर येत होती आणि तिला धापही लागली नव्हती. तिने दोन भाकरी खाल्ल्या, वर आणखी अर्धी मागून घेतली.

"कसं वाटतंय गं?"

"बरं वाटतंय, आई. एकदम हलकं."

गौराला आकाश ठेंगणं झालं. तिने पाडाभर सांगितलं. टेकडीवर रेंज येते तिथे चढून जाऊन तुषारला फोन लावला आणि तुझी बायको बरी झाली म्हणून ओरडून सांगितलं. कोंबडा दिला. त्या आठवड्यात योगिता ओळीत सगळ्यांच्या पुढे होती. बुधीने तिची पाठ थोपटली.

सुषमा आली ती सोनोग्राफीची तारीख सांगायला. गौराने तिला आधी चहा दिला आणि मग ऐटीत सगळं ऐकवलं. सुषमाने कप खाली ठेवला.

"उलट्यापण थांबल्या? कधीपासून?"

"आठ-नऊ दिवस झाले असतील. का गं?"

"काही नाही. कधी कधी नुसतं बरंही वाटतं. पण उद्याच जाऊ जव्हारला. बघून घेऊ."

जव्हारच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. मग पडदा बाजूला वळवला आणि योगिताचा हात धरला. बाळाचे ठोके थांबलेत, साधारण आठ-दहा दिवसांपूर्वी, असं त्यांनी सावकाश सांगितलं. यात कुणाची चूक नाही, कामाने किंवा चालण्याने झालेलं नाही. परवा नवऱ्याला घेऊन या, दाखल करून घेऊ. योगिताने मान हलवली. ती रडली नाही. रडली ती गौरा, बाहेरच्या बाकावर, पदर तोंडात कोंबून. आठ-दहा दिवस म्हणजे कधी, ते तिला कुणी सांगायला नको होतं. त्या दिवशी अंगण सारवलेलं होतं. आणि त्याच आनंदात तिने कोंबडा दिला होता.

परतीच्या गाडीत गौरा खिडकीशी बसली. मधे योगिता, पलीकडे सुषमा. मोखाडा मागे पडलं. घाट लागल्यावर गौराला राहवेना.

"मीच मागितलं व्हतं," ती म्हणाली. "गावदेवापाशी. तुझा थकवा काढून घे म्हणून."

योगिता तिच्याकडे न बघता म्हणाली, "मीपण, आई."

"काय?"

"बुधीकाकीच्या शेतात झोप लागली ना, त्याच सांजेला. सगळ्या हसल्या, मला लाज वाटली. मीपण तेच मागितलं. गप जाऊन."

"मागितल्याने असं होत नाही," सुषमा कळवळून म्हणाली. "तुम्ही ऐकलंत ना डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते?"

दोघींनीही हो म्हटलं. दोघींनाही ते पटलं नाही.

फाट्यावर उतरून सुषमा तिच्या पाड्याकडे गेली. यांची वाट चढणीची होती. योगिता झपझप पुढे निघाली. अंगात बळ होतं, काय करणार त्याला. गौरा मागून पाहत राहिली आणि मग तिने हाक मारली.

"पोरी, बस जरा. दम खा."

योगिताला दम लागलेला नव्हता. तरी ती थांबली आणि वाटेच्या कडेला बसली. गौरा हळूहळू वर आली, सुनेचं डोकं तिने मांडीवर घेतलं, आणि म्हणाली, "झोप."