खिरापतीवरचं झाकण

“जानराव, तू मधी बस. पोरीचा पिच्चर हाय, कडेला कायले बसतो?” नत्थुजींनी जानरावांना हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं आणि आजूबाजूच्या अनोळखी लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, “हे पोरीचे वडील बरं!”

ज्योत्स्ना लाजली. पण खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. अकोल्यातल्या या हॉलमध्ये आज वऱ्हाडी लघुपटांचा कार्यक्रम होता आणि त्यात तिच्या गोष्टीवर तिच्या मानलेल्या भावानं, धर्मेंद्रनं काढलेला सिनेमा होता. ती स्वतः अमरावतीहून आली होती. बाबांना आणि त्यांच्या शेजारच्या नत्थुजीकाकांना तिनं बाळापूरकडच्या गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. नांदगाव पेठेच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवणारी आपली पोरगी सिनेमाची गोष्ट रचते, हे बापानं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची हौस.

हा नाद तिला धर्मेंद्रनंच लावला. तो तिच्या खोलीच्या खालीच राहायचा, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा, तिला ताई म्हणायचा. दर रविवारी दोघं त्याच्या कॉम्प्युटरवर सिनेमा लावायचे आणि ऐन रंगात आला की थांबवायचे. पुढं काय होणार ते आधी आपण सांगायचं, मग बघायचं. ही रीत ज्योत्स्नाची. लहानपणी भुलाबाईची गाणी झाली की घरधनीण झाकलेला डबा वाजवायची आणि पोरींना आतली खिरापत ओळखायला लावायची, त्यावरून ती तिला सुचली होती.

“डब्यात काय हाय ते पहिलेच सांगतलं तं कोन बसन?” ती म्हणायची. “आन झाकन उघडलंच नाई तं पोरी शिव्या देतीन.”

पात्र खोटं बोलतंय हे बघणाऱ्याला आधी कळावं की मागून, यावर दोघं हमरीतुमरीवर यायचे. चहा तसाच गार व्हायचा.

एकदा धर्मेंद्र म्हणाला, “ताई, तुयं सगळं सिनेमातलं हाय. तुयी सोताची गोष्ट सांग. जी कोनालेच सांगतली नाई.”

तिनं सांगितली. नको होती सांगायला, पण नादाच्या भरात माणसाला भान राहतं का? “हे आपल्यातच ठेवजो,” असं बजावून सांगितली, आणि त्यानं गळ्याची शपथ घेतली. पुढं दोघांनी मिळून वरूडच्या संत्राबागेतल्या एका बाईची गोष्ट रचली. तोच सिनेमा आज लागणार, या समजुतीत बिचारी बसली होती.

दिवे गेले. पडद्यावर संत्र्याचं झाडसुद्धा नव्हतं. पार होता, आणि पारावर एक टोपीवाला माणूस छाती काढून चारचौघांना सांगत होता, “पोरगा दारू पेते. मीच मोडलं लगन! मायी पोरगी काई उकिरड्यावर पडेल नाई!”

नत्थुजींनी जानरावांच्या मांडीवर थाप मारली. “अरे, हे तं तुयंच!”

ते हरखले होते. लग्न मोडावं तर जानरावानं मोडलं तसं, हे ते वर्षानुवर्षं गावाला सांगत आले होते. ज्योत्स्नाचं पुढं कुठं जमलं नाही, तरी कुणाची सोयरीक अडली की लोक जानरावांकडेच सल्ल्याला यायचे. त्या एका वाक्यावर त्यांची गावात पत होती.

पुढचं ज्योत्स्नाला ठाऊक होतं. झाकण कधी उघडायचं, हे तिनंच त्या मेल्याला शिकवलं होतं.

आधी गाव त्या माणसाची वाहवा करतं. हॉलमध्ये हशा पिकतो. आणि मग एकदम मागचा दिवस. पोराचा बाप टोपीवाल्याच्या घरी येऊन बाजेवर बसतो आणि सुपारी कातरत सांगतो, “आमच्या पोट्ट्याले दुसरी पोरगी पसंत पडली.” टोपीवाला डोक्यावरची टोपी काढतो आणि त्याच्या पायांवर ठेवतो. “पत्रिका वाटल्या ना जी. पाया पडतो तुमच्या.” पोराचा बाप पाय मागं ओढतो. टोपी भुईवर पडते. कॅमेरा हे सगळं दाराच्या फटीतून बघत राहतो.

मग टाळ्यांचा कडकडाट. काय बेतानं बसवलं होतं! तेही तिला कळलं, आणि कळलं म्हणून स्वतःचाच जास्त संताप आला. शेवटी पांढऱ्या अक्षरांत नाव आलं. कथा : ज्योत्स्ना जानराव काळमेघ.

पडद्यावर आपलं नाव बघायचं तिचं केवढं स्वप्न होतं. आता ते बघून तिला तोंड लपवायला जागा मिळेना.

नत्थुजींनी मांडीवरचा हात काढून घेतला होता. “गरमते इथं,” असं म्हणत ते कुणाकडं न बघता बाहेर निघून गेले.

दाराशी धर्मेंद्र धावतच आला. “ताई, नाव पाह्यलं का? सरप्राइज!” आणि तो जानरावांच्या पाया पडला.

“सुखी राह्य बापा,” जानराव म्हणाले आणि चपला शोधू लागले.

“कोनाले इचारून केलं तू?” ज्योत्स्नानं विचारलं.

“अवो ताई, तूच तं म्हनते, झाकन उघडल्याबिगर गोष्ट होत नाई. आन माया नावावर थोडीच खपवली? तुयंच नाव देल्लं ना!”

“केसानं गळा कापला रे तू माया! नाव नसतं देल्लं तं माया बाप तरी वाचला असता.”

आपलं काय चुकलं, हे त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि ह्याचंच तिला रडू आलं.

बसस्थानकावर बाळापूरकडची गाडी लागलेली होती. नत्थुजी आधीच आत जाऊन बसले होते. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सांजेपर्यंत गावभर होणार, हे बापलेकींना न बोलता ठाऊक होतं.

“बाबा, चुकलं मायं,” ज्योत्स्ना म्हणाली. “त्याच्या भरवशावर बोलली मी.”

“गावाचं जाऊ दे.” जानराव म्हणाले. “पन तुले तं मी पान्याले धाडलं होतं ना तवा?”

“नळ आलाच नोता बाबा. मी वापस आली.”

“म्हंजे तुले पहिल्यापासून ठाऊक होतं?”

तिनं मान डोलावली.

“मी गावासाठी नाई बोललो वं पारावर,” जानराव म्हणाले. “त्यायनं तुले नाकारलं, हे तुले कवाच कळू नये म्हनून बोललो.”

कंडक्टरनं घंटी दिली. जानराव गाडीत चढले. नत्थुजींच्या शेजारची जागा रिकामी होती, पण ते दांडा धरून उभेच राहिले.